पूर्वी यूजनेटवर (संगणकजाळ्यावरच्या विषयवार चर्चागटांवर) नवा गट काढण्यासाठी मतदान होत असे, ते कसे चालायचे? आम्हाला आमच्या समूहात उपगट काढायचा आहे, तर तसेच मतदान घ्यावे का?

मी असे एक मतदान स्वतः घडवून आणले आहे आणि सहा मतांनी गमावले आहे, म्हणून उत्तर लिहितो आहे.

१९९५ साली मी अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकत होतो. भारतीय रंगभूमीवर बोलण्यासाठी स्वतंत्र गट असावा, असे मला मनापासून वाटत होते. नाटकाविषयी काही लिहिले, तर ते सॉक.कल्चर.इंडियन या भारतविषयक गटावरच्या राजकारणाच्या धबडग्यात तासाभरात दिसेनासे होई. गटाच्या नावाचा पहिला भाग म्हणजे त्याची शाखा. ऑल्ट ही मोकळी शाखा सोडली, तर मुख्य शाखांमध्ये गट काढायची रीत ठरलेली होती. आधी चर्चेसाठी प्रस्ताव मांडायचा, म्हणजे आरएफडी. तो न्यूज.अनाउन्स.न्यूग्रुप्स या गटावर प्रसिद्ध होई आणि त्याची चिरफाड न्यूज.ग्रुप्स या गटावर चाले. त्यानंतर मतदानाची हाक, म्हणजे सीएफव्ही. मतदान साधारण तीन आठवडे चाले आणि मते ईमेलने एका तटस्थ स्वयंसेवकाकडे जात. गट मंजूर होण्यासाठी होकार नकारांपेक्षा किमान १०० ने जास्त हवेत आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश हवेत, अशा दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागत. प्रस्ताव पडला, तर सहा महिने तो पुन्हा आणता येत नसे.

चर्चेत माझे बहुतेक दिवस नावावरच गेले. गट कलांच्या रेक.आर्ट्सखाली असावा की संस्कृतींच्या सॉक.कल्चरखाली, यावर ज्यांनी आयुष्यात एकही भारतीय नाटक पाहिले नव्हते, त्यांनी मला पानेच्या पाने लिहिली. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. आज वाटते, की त्यांचे बरोबर होते. नावावरूनच जगभरच्या यूजनेट यंत्रांचे व्यवस्थापक तो गट आपल्या यंत्रावर ठेवायचा की नाही, हे ठरवत असत आणि मतदानाचा निकाल त्यांच्यावर बंधनकारक नव्हता. १९८९ मध्ये मत्स्यालयांचा गट विज्ञानाच्या शाखेत, साय.अ‍ॅक्वेरिया या नावाने, मतदानात निवडून आला होता, तरी अनेक ठिकाणी तो घेतलाच गेला नाही आणि पुढे छंदांच्या शाखेत रेक.अ‍ॅक्वेरिया काढावा लागला.

आता मतपत्रिकेविषयी. घोषणेच्या शेवटी एक छोटा साचा असे: एका ओळीत आपले खरे नाव लिहायचे आणि गटाच्या नावाआधीच्या चौकटी कंसात होकार, नकार किंवा तटस्थ यांपैकी एक शब्द भरायचा. ती पत्रिका प्रत्येकाने मूळ घोषणेतून घ्यावी, म्हणजे तिच्यासोबतचा प्रस्ताव त्याच्या नजरेखालून जाईल, अशी अपेक्षा होती. आधीच होकार भरलेल्या पत्रिका वाटायला तर स्पष्ट मनाई होती. मत गुप्त नसे. निकालासोबत प्रत्येक मतदाराचे नाव, पत्ता आणि मत प्रसिद्ध होई आणि हरकतींसाठी पाच दिवस मिळत.

माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राला हे सारे सोवळेओवळे वाटे. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्याने लोकांचे ईमेल पत्ते एका कागदावर उतरवून घेतले आणि त्याच रात्री मला न सांगता सर्वांना होकार भरलेली पत्रिका पाठवली. फक्त स्वतःचे नाव घालून पुढे धाडा, असे वर लिहिले होते. निकाल आला, तेव्हा १३८ होकार आणि ४४ नकार होते. होकार पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त होते, पण फरक ९४ चा. यादीच्या तळाशी अवैध ठरवलेली २७ मते होती. त्या साऱ्या पत्रिकांच्या शेवटी माझ्या मित्राच्या सवयीच्या तीन आडव्या रेघा आणि त्याच्या नावाचे आद्याक्षर जसेच्या तसे राहिले होते. ती मते धरली असती, तर गट झाला असता.

मित्र आजही म्हणतो, की ती माणसे खरी होती, त्यांची मते खरी होती आणि मतमोजणी करणाऱ्याने नियमाचा अक्षरार्थ घेऊन आपल्यावर अन्याय केला. मी तेव्हा गप्प बसलो, कारण गट मलाही हवा होता. पण नंतर एका रविवारी संगणक कक्षात बसून मी ती २७ नावे जुन्या लेखनात एकेक करून शोधली. त्यांच्यापैकी दोघांनीच नाटकाविषयी कधी काही लिहिले होते. उरलेल्या पंचवीस जणांनी होकार दिला होता तो दिवाळीच्या फराळाच्या ओळखीला. मते बाद करणाऱ्या त्या स्वयंसेवकाचे काहीही चुकले नव्हते, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

कारण ते मतदान म्हणजे निवडणूक नव्हतीच. गट काढला, तर तो वाचणारे आणि चालवणारे शंभर-सव्वाशे लोक आहेत का, एवढीच ती चाचपणी होती. लोक तिला निवडणूक समजू लागले की प्रचार सुरू होई आणि प्रचार आला की विषयाशी काडीचा संबंध नसलेली माणसे मत द्यायला येत. १९९६ मध्ये वर्णवर्चस्ववादी संगीताच्या गटाचा प्रस्ताव ३३,०३३ विरुद्ध ५९२ मतांनी पडला. तो पडला हे उत्तमच झाले, पण ती वाचकांची मोजणी राहिली नव्हती, हेही खरे. पुढे २००५-०६ च्या सुमारास ही मतदानाची पद्धतच मोडीत निघाली आणि निर्णय एका मंडळाकडे गेला.

मतदान नको म्हणून ऑल्टसारखी मोकळीक द्यावी, असेही मी म्हणणार नाही. तिथे मतदानाची अटच नव्हती आणि नाव आहे पण लेखन नाही, अशा गटांची तिथे रांग लागली होती. तुमचा समूह दोन-तीनशे लोकांचा असेल, तर शंभराच्या फरकाला अर्थ उरत नाही आणि चालकांना सगळे सदस्य ओळखीचे असतील, तर मतमोजणीचीही गरज नाही. पण मते घेणारच असाल, तर ती नावानिशी घ्या आणि मोजणी प्रस्ताव मांडणाऱ्याच्या, विशेषतः त्याच्या मित्राच्या, हाती देऊ नका. त्याआधी तीन महिने त्या विषयाचे लेखन आहे त्याच समूहात करा, प्रत्येक मथळ्याच्या आरंभी एकच ठरावीक खूण घाला आणि ती खूण तुमच्याखेरीज आणखी किती जण वापरतात, ते मोजा. मी हे १९९५ च्या उन्हाळ्यात करायला हवे होते.