'हेत्वारोप' कुठे लिहावा, कुठे लिहू नये

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाचं इतिवृत्त लिहिणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांच्या, सभेत मंडपाच्या कंत्राटावरून एका महाजनाने समितीला धारेवर धरलं. इतिवृत्तात 'समितीवर आरोप केले' अशी नोंद झाली. महाजनाचं म्हणणं, मी आरोप केला नाही, हेतू विचारला. तेव्हा कुणीतरी 'हेत्वारोप केले' असं लिहायला सुचवलं. हा शब्द बरोबर का? 'हेतूआरोप' असा लिहायचा का? आणि दुसऱ्याच्या मनातलं कळतच नसेल तर असा शब्द हवाच कशाला?

लेखनाचं आधी उरकतो. 'हेत्वारोप' हेच रूप शुद्ध. मूळ संस्कृत शब्द 'हेतु', ऱ्हस्व. पुढे 'आ' आला की त्या 'उ'चा 'व्' होतो; सु + आगत = स्वागत, तसंच. मराठीत सुटा शब्द दीर्घ लिहायचा, 'हेतू'. समासात पहिला आला की पुन्हा ऱ्हस्व, 'हेतुपुरस्सर'.

आता अर्थ. आपण 'आरोप' म्हणजे ठपका एवढंच धरतो, पण वृक्षारोपणातलं आरोपण आणि हा आरोप एकाच धातूचे. रोवणं, वर चढवणं हा मूळ अर्थ. वेदान्तात दोरीवर साप भासतो त्याला 'अध्यारोप' म्हणतात: जे तिथे नाही ते तिथे चढवणं. 'हेत्वारोप' या शब्दात हा जुना अर्थ अजून जागा आहे. समोरच्याच्या कृतीवर आपण आपल्याकडचा हेतू चढवला, असं तो शब्द सांगतो.

म्हणून तुमच्या सभेतली दोन वाक्यं वेगवेगळी धरायला हवीत. 'तीन कोटेशनं न मागवता कंत्राट अध्यक्षांच्या भाच्याला दिलं' हा आरोप. फाईल उघडली की खरं-खोटं ठरतं. 'भाच्याचं भलं व्हावं म्हणूनच कोटेशनं मागवली नाहीत' इथे हेतू आला, आणि सगळा भार त्या 'म्हणूनच'वर पडला. चतुर्थी जवळ आली होती म्हणून घाई झाली असेल; आदल्या वर्षीच्या मंडपवाल्याने दगा दिला असेल; भाच्याचं भलंही मनात असेल. कोटेशनं नाहीत हे सगळ्या शक्यतांना सारखंच लागू पडतं.

आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, हा घोटाळा फार नीट पकडला आहे. तिथे 'हेतू' म्हणजे मनातला उद्देश नव्हे. अनुमानाला आधार देणारी खूण. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे. यात धूर हा हेतू. उलट, आग आहे म्हणून धूर असणारच असं म्हटलं की अनुमान फसलं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. जी खूण साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, नसलेल्या ठिकाणीही सापडते ती अनैकांतिक, आणि असा फसवा हेतू म्हणजे हेत्वाभास. 'फायदा याला झाला, म्हणजे याने फायद्यासाठीच केलं' हे आपल्याकडे चहाच्या टेबलावर सर्रास चालणारं अनुमान अगदी याच जातीचं. फायदा हेतूशिवायही होतो.

याचा अर्थ हेतू कधीच कळत नाही, असा मी घेत नाही. तसं म्हणणं म्हणजे लबाडाला मोकळं रान देणं. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ८ने हेतू, पूर्वतयारी आणि वर्तन या गोष्टी पुराव्यात विचारात घेण्याजोग्या ठरवल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम ६ मध्ये आहे. मनात शिरता येत नाही, पण माणसाने आधी काय जुळवाजुळव केली आणि नंतर कसा वागला हे बघता येतं. भाच्याच्या नावाची पावती कंत्राट ठरण्याच्या आदल्या दिवशीची निघाली, तर तो धूर खरा. अशा वेळी 'कावा ओळखला' म्हणायला माझी हरकत नाही. आणि तेवढा पुरावा नसेल तेव्हा मराठीने 'असावा' हे फार मोलाचं रूप दिलेलं आहे. 'हेतू वाईट आहे' आणि 'हेतू वाईट असावा' यांत जबाबदारीचा फरक आहे. तो बोलताना पाळावा, असं मला मनापासून वाटतं.

लोकसभेच्या नियम ३५२मध्येही सदस्याने दुसऱ्या सदस्याला हेतू चिकटवून व्यक्तिगत उल्लेख करू नये असं आहे, पण चर्चेचा विषयच तो असेल आणि अगदी गरज असेल तर मुभा ठेवली आहे. मला ही मुभा योग्य वाटते.

इतिवृत्तात मात्र 'हेत्वारोप केले' लिहू नका. तो शब्द लिहिला की महाजनाने नसलेला हेतू चिकटवला, असा निवाडा तुम्ही लेखक म्हणून देऊन बसता. 'कोटेशनं न मागवण्यामागच्या हेतूबद्दल शंका व्यक्त केली' असं लिहा आणि महाजनाचं वाक्य अवतरणात द्या. 'सदस्यांनी हेत्वारोप टाळावेत' ही अध्यक्षांची सूचना म्हणून चालेल, कारण तिथे निवाडा अध्यक्षांच्या नावावर जातो.

गोव्यात हा शब्द सर्वांत जास्त लागतो तो जनमत कौलाच्या, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा यावर झालेल्या मतदानाच्या, गप्पांत. १६ जानेवारी १९६७ला विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पानं अशा निशाण्या होत्या; विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरुद्ध १,७२,१९१. मतपत्रिकेवर फुली होती, कारण लिहायला जागा नव्हती. तरी आजही अमुक बाजूच्यांना अमुकच हवं होतं, असं एका दमात सांगितलं जातं. एवढ्या लाख माणसांचा हेतू एक कसा असेल? कुणी भाषेसाठी, कुणी जमिनीसाठी, कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शब्दासाठी फुली मारली असेल. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं. त्या वेळचे तरुण मतदार आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि कारण विचारलं तर त्यांच्यातले पुष्कळजण अजून सांगू शकतात. इतक्या वर्षांनंतरचं त्यांचं सांगणंही एक खूणच धरावी लागेल, पण ऐकीव हेतूपेक्षा ती कितीतरी जवळची.