अर्ध्या गुंठ्याचे लॉन आणि गवत कापायचे मशीन

प्रश्न : धुळ्यात देवपूर भागात आमचे घर आहे. घरापुढे साडेपाचशे चौरस फुटांचे अंगण असून दोन वर्षांपूर्वी मुलाने हौसेने त्यात लॉन लावून घेतले. आजवर एक माळीकाका कात्रीने गवत कापून देत असत. आता त्यांच्याने ते होत नाही, आणि पावसाळ्यात गवत आम्हाला आवरत नाही. मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ६६ आहे. दुकानात चौकशी केली तेव्हा हाताने ढकलायचे साधे मशीन साडेपाच हजारांना, विजेचे साडेनऊ हजारांना आणि पेट्रोलचे अठ्ठावीस हजारांना मिळेल असे सांगण्यात आले. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, एकदाच काय ते पैसे घाला, पेट्रोलचेच घ्या." शेजारच्या शेतकरी भाऊंचे म्हणणे वेगळेच आहे : "ब्रश कटर लई ल्या, वावरमा बी कामले ई." टिकाऊ आणि परवडणारे असे यांपैकी कोणते घ्यावे?

– एक वाचक, धुळे

उत्तर : गुरुजी, आपण अंगणाचे माप कळवले हे फार बरे केले. या विषयावरच्या बहुतेक पत्रांत 'छोटेसे अंगण' एवढाच उल्लेख असतो, आणि दुकानदाराच्या नजरेत कोणतेच अंगण छोटे नसते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हा आपले लॉन अर्ध्या गुंठ्याचे, म्हणजे सुमारे ५१ चौरस मीटरचे झाले. लहान मशीनच्या पात्याची रुंदी ३२ सेंटिमीटरच्या आसपास असते. दोन पट्ट्यांच्या मध्ये गवताची शेंडी उभी राहू नये म्हणून प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर थोडी चढवावी लागते, त्यामुळे प्रत्यक्षात २५ सेंटिमीटरच हाती लागतात असे धरू. या हिशेबाने संपूर्ण लॉन कापण्यासाठी आपल्याला सुमारे २०० मीटर चालायचे आहे. पांझरेचा पूल ओलांडून गावात जाऊन येण्याइतकेही ते चालणे नाही. वळणे घेणे, कुंड्या हलवणे, गवताची पेटी रिकामी करणे हे सारे धरले तरी काम वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. एवढ्यासाठी अठ्ठावीस हजारांचे इंजिन दारात बांधून ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

पेट्रोलचा पर्याय बाजूला ठेवला की प्रश्न उरतो तो गवत कोणत्या रीतीने कापायचे याचा. हाताने ढकलायचे साधे मशीन सिलिंडर प्रकारचे असते. त्यात आडव्या रुळाभोवती पिळाच्या आकाराची पाच-सहा पाती असतात. रूळ फिरला की ती खालच्या स्थिर पट्टीला चाटून जातात आणि मध्ये आलेले गवत कात्रीत सापडावे तसे कातरले जाते. ज्यांनी कडबाकुट्टी फिरवली आहे त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात एडविन बडिंग याने या यंत्राचे पेटंट घेतले, आणि त्याला ही कल्पना सुचली ती विणलेल्या लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून. अमळनेर आणि धुळ्यासारख्या गिरण्यांच्या गावांत हे सांगताना मला उगाचच आपलेपणा वाटतो. रोटरी प्रकारात मात्र पत्र्याच्या झाकणाखाली एकच आडवे पाते पंख्यासारखे गरगर फिरते आणि केवळ वेगाच्या जोरावर गवत छाटते.

सिलिंडर मशीनचा काप निःसंशय सुंदर असतो. त्याला वीज लागत नाही, त्याचा आवाज होत नाही, आणि किंमतही आपल्या तिन्ही पर्यायांत सर्वांत कमी आहे. सपाट जमीन, मुरूम-वाळू मिसळलेली माती आणि दर आठवड्याला कापण्याची शिस्त असेल तर मी तेच सुचवले असते. परंतु आपल्याकडची काळी माती या यंत्राला मानवत नाही. ढकलण्याच्या मशीनमध्ये पात्यांना गती मिळते ती चाकांतून. पावसाळ्यात काळा चिखल चाकांना थापला जातो, चाके फिरण्याऐवजी घसरतात आणि चाक घसरले की पातीही जागीच थांबतात. म्हणजे गवत सर्वांत जास्त वाढते त्याच दिवसांत मशीन रुसून बसते. दुसरी अडचण उंचीची आहे. आठ दिवसांचा पाऊस लागून राहिला आणि गवत वीतभर झाले की सिलिंडर ते कापत नाही, नुसते लोळवते. हरळीचे तुरे आणि लव्हाळ्याच्या काड्या पात्यांखाली वाकतात आणि आपण पुढे गेलो की पाठीमागे पुन्हा ताठ उभ्या राहतात. (ज्या हरळीने आपल्या वाडवडिलांना वावरात रडवले, तिचेच गालिचे करून आज आपण तिला विकतचे पाणी पाजतो आहोत, हेही एकदा लिहून टाकावेसे वाटते.)

म्हणून माझा सल्ला असा आहे की आपण विजेचे रोटरी मशीन घ्यावे, आणि तेही इंडक्शन मोटारीचे. हा शब्द दुकानात आवर्जून विचारा. विजेवरच्या मशीनमध्ये दोन प्रकारच्या मोटारी येतात. एक मिक्सरमध्ये असते तशी, कार्बन ब्रशची, हलकी आणि कर्कश आवाजाची. दुसरी सिंगल फेज इंडक्शन मोटार, म्हणजे आपल्या पाण्याच्या मोटारीचीच बहीण. ही दुसरी वजनाने जड असते, पण तिच्यात झिजणारे भाग जवळजवळ नाहीतच, आणि बिघडलीच तरी तिला कोठे न्यायचे हा प्रश्न खान्देशात कोणालाही पडत नाही. विहिरी आणि बोअरच्या या मुलखात तालुक्याच्या प्रत्येक गावी मोटार वाइंडिंगची दुकाने आहेत. बटण दाबल्यावर मोटार नुसती गुंगत राहिली आणि पाते फिरले नाही, तर बहुधा कॅपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा भाग, गेलेला असतो; तो अल्प किमतीत मिळतो आणि कारागीर दहा मिनिटांत बसवून देतो.

मशीन टिकाऊ आहे की नाही हे ठरवताना मी वॉरंटीच्या कागदापेक्षा हेच पाहतो की त्याचा प्रत्येक भाग आपल्या गावात दुरुस्त होईल का. ही अक्कल मला फुकट आलेली नाही. काही वर्षांपूर्वी मी दिसायला देखणे, वजनाला हलके असे एक मशीन घरबसल्या मागवले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात पात्याची उंची कमी-जास्त करण्याचा प्लास्टिकचा खटका तुटला. कंपनीचे उत्तर आले की तो भाग सुटा मिळत नाही. वेल्डिंगवाल्याने तो तुकडा दोन बोटांत धरून पाहिला, हसला आणि मला परत दिला. मोटार ठणठणीत असलेले ते मशीन आज जिन्याखाली उभे आहे आणि त्याच्या दांड्यावर आम्ही पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवतो.

तेव्हा दुकानात मशीन उलटे करून पाहायला संकोच करू नका. झाकण लोखंडी पत्र्याचे आणि चाकांचे आस लोखंडी असावेत. पाते एका बोल्टवर बसवलेले, सहज काढता येणारे आणि साध्या पोलादी पट्टीचे असावे, म्हणजे धार लावणारा ते हातात घेईल. उंचीचे तीन-चार टप्पे असावेत आणि टप्पा बदलताना चाके डुगडुगू नयेत. दांड्यावरची मूठ सोडताच मोटार बंद झालीच पाहिजे. ही सोय नसेल तर किंमत कितीही कमी असो, ते मशीन घेऊ नका. इंडक्शन मोटारीचे पाते मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते. ३२ सेंटिमीटरच्या पात्याच्या टोकाचा वेग यावरून काढला तर तो ताशी १७० किलोमीटर भरतो. त्या वेगाने उडालेला खडा चपलेतल्या पायावर बसला तर काय होईल हे आपल्याला सांगायला नको. कापण्यापूर्वी लॉनवरून एक फेरी मारून खडे, सुतळ्या, खेळण्यांचे तुकडे वेचावेत, पायांत बूट घालावेत आणि नातवंडांना ओट्यावर बसवावे.

मशीनला लागणाऱ्या वायरचा खर्च अंदाजपत्रकात धरायला लोक विसरतात. घरात लोळत असलेली बारीक एक्स्टेन्शन वायर येथे चालणार नाही. तिच्यात व्होल्टेज पडते, मोटार तापते आणि वाइंडिंग जळते. तीन तारांची, किमान १.५ चौरस मिलिमीटर जाडीची, भडक रंगाची वायर घ्यावी आणि ती १६ अँपिअरच्या पॉइंटला लावावी. गवत घराकडून कुंपणाकडे कापत जावे, म्हणजे वायर नेहमी कापलेल्या भागावर पाठीमागे राहते. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, बसवलेली नसेल तर मशीन आणण्याआधी ती बसवून घ्या. ओल्या गवतावर विजेचे मशीन चालवू नये हे अर्थातच आले. पावसाळ्यात उघडीप मिळाली की दुपारी चारनंतर, पाणी सुकल्यावर कापावे. विजेच्या बिलाची चिंता मात्र करू नका. बाराशे वॅटचे मशीन वीस मिनिटे चालले तर अर्धा युनिटही जळत नाही.

बॅटरीवरची मशीनही बाजारात आहेत आणि वायरीचा लोढणा नसल्यामुळे ती मोहात पाडतात. परंतु लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचे काय होणार हे उघड आहे. पन्नास मीटरच्या आतल्या अंगणाला वायर पुरते.

शेजारच्या भाऊंचा सल्ला त्यांच्या वावरापुरता अगदी बरोबर आहे. ब्रश कटर हे बांधावरचे गवत आणि झुडपे यांच्यासाठी केलेले हत्यार आहे. लॉनवर त्याने कापले तर उंची हाताच्या अंदाजावर राहते, एके ठिकाणी टक्कल पडते आणि दुसरीकडे झुपका उरतो. शिवाय त्याची गरगर फिरून गवत छाटणारी नायलॉनची दोरी झाडाच्या बुंध्याला वारंवार लागली तर साल सोलली जाऊन कोवळे झाड वाळते. खांद्यावर ते वजन घेऊन वाकण्याचे आपले वयही नाही, हे आदरपूर्वक सुचवतो.

कापताना एका वेळी गवताच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये. हरळीचे लॉन पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी कापावे लागेल. धुळ्याचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत वाढ जवळपास थांबते आणि मशीनला विश्रांती मिळते. उन्हाळ्यात पाते एक टप्पा वर घ्यावे, म्हणजे गवताची सावली मुळांवर राहते आणि माती लवकर भेगाळत नाही.

प्रश्न : वडिलांच्या वेळचे सिलिंडर प्रकारचे मशीन आमच्याकडे पडून आहे. पात्यांना धार लावून आणली, तरी ते गवत कापण्याऐवजी चावल्यासारखे तोडते आणि ढकलायलाही जड जाते. भंगारात द्यावे का?

– एक वाचक, भुसावळ

उत्तर : अजिबात देऊ नये. दोष बहुधा धारेत नसून फिरती पाती आणि खालची पट्टी यांच्यातल्या अंतरात आहे. वर्तमानपत्राची एक पट्टी कापून ती पाते आणि खालची पट्टी यांच्या मध्ये धरा आणि रूळ हाताने सावकाश फिरवा. हात पात्यांपासून दूर, रुळाच्या टोकाशी किंवा चाकावर ठेवावा. कागद कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ कापला गेला तर जुळणी बरोबर आहे. तो मध्येच दुमडला तर अंतर जास्त आहे, आणि रूळच अडकत असेल तर पट्टी फार घट्ट बसली आहे. दोन्ही टोकांच्या स्क्रूंनी पट्टी पाव-पाव फेऱ्याने सरकवत, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी ही परीक्षा घ्या. मध्ये कापतो पण टोकाला कापत नाही असे आढळले तर पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट लावून रूळ उलटा फिरवावा, म्हणजे पाती आणि पट्टी एकमेकांवर घासून बसतात. त्यानंतर रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पेस्ट पूर्ण पुसून काढावी आणि बेअरिंगमध्ये ग्रीस भरावे. जड जाण्याची तक्रार बव्हंशी वाळलेल्या जुन्या ग्रीसमुळे असते.

प्रश्न : आमचे अंगण मोठे असल्याने पेट्रोलचे फोर स्ट्रोक मशीन घेतले. दिवाळीत ते उत्तम चालले. त्यानंतर टाकी भरलेली ठेवून जून महिन्यात काढले तर सुरूच होत नाही. इंजिन बिघडले असेल का?

– एक वाचक, शहादा

उत्तर : इंजिन बहुधा शाबूत आहे, पेट्रोल शिळे झाले आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रात बसतो. टाकी पूर्ण रिकामी करा, कार्ब्युरेटर खोलून साफ करून घ्या, प्लग पुसून पाहा आणि ताजे पेट्रोल भरा. ऑइलही याच वेळी बदलून घ्यावे. येत्या दिवाळीनंतर मशीन ठेवताना टाकीतले पेट्रोल काढून घ्या आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये थेंबही उरणार नाही.