बेअरिंग गेलं म्हणून अख्खा टब?

प्रश्न : आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन सहा वर्षांचं आहे. कपडे पिळायला लागलं की प्रचंड घरघरतं. कंपनीचा माणूस म्हणतो, बेअरिंग सुटं मिळत नाही, टबच बदलावा लागेल. त्यापेक्षा नवीन घ्या. खरं आहे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : अर्धंच. बेअरिंग बाजारात सर्रास मिळतं. नंबर त्याच्या कडेवरच असतो. पुष्कळ मशीनमध्ये ६२०५ (२५×५२×१५ मिमी) आणि ६२०६ (३०×६२×१६ मिमी) अशी जोडी असते. खरी अडचण टबाची, म्हणजे ड्रमभोवतीच्या पाणी धरणाऱ्या टाकीची आहे; बेअरिंग त्यातच बसवलेलं असतं. स्क्रूने जोडलेला टब खोलता येतो. पण बऱ्याच मॉडेलमध्ये प्लास्टिकचे दोन्ही भाग वितळवून कायमचे जोडलेले असतात. कंपन्यांच्या मते त्यामुळे गळती कमी होते, जोडणी स्वस्त पडते. असेलही, भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाला.

बहुतेक वेळा आधी ऑइल सील (बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ न देणारी रबरी कडी) झिजतं. मग साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग गंजतं. प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवा. खरखर येते का पाहा. मग ड्रमची कड धरून वर-खाली हलवा. टब स्प्रिंगवर टांगलेला असल्याने सगळंच थोडं हलणार; टब जागेवर राहून नुसता ड्रम खडखडला, तर बेअरिंग गेलं समजा. मागचं झाकण काढल्यावर शाफ्टखाली (ड्रम ज्यावर फिरतो त्या दांड्याखाली) तांबूस ओघळ दिसला, तर शंकाच नको.

जोडलेला टब कापून दुरुस्त करणारे कारागीर आहेत. काम देण्याआधी पद्धत विचारा. सांध्यावर दर ८-१० सेंमीवर स्क्रूची भोकं कापण्या*आधी* पाडायला हवीत. नंतर पाडली तर दोन्ही भाग नीट जुळत नाहीत. दोन्ही बेअरिंगं आणि सील एकदमच बदलायचं. जोडताना सांध्यावर सिलिकॉन, वर स्क्रू, मग २४ तास सुकवणं, आणि पिळणी लावण्याआधी पाणी भरून गळती पाहणं. ड्रममागच्या ॲल्युमिनियमच्या तीन पायांच्या स्पायडरला खोल खड्डे किंवा चीर असेल, किंवा सील बसतं तिथे शाफ्ट झिजला असेल, तर तोही बदला, नाहीतर बेअरिंगचा खर्च पाण्यात.

‘सुटा भाग मिळत नाही’ हे कंपनीकडून लेखी मागा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. केंद्राचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, पण तिथे मुख्यतः माहिती मिळते. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यापुढे किमान १० वर्षं पुरवावे लागतात. गंमत अशी की ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग ‘सुटे किंवा एकत्र’ देण्याची मुभा त्याच नियमात आहे. पळवाट तिथेही!

प्रश्न : प्युरिफायरचा फिल्टर बदलायचा लाल दिवा लागला. पाणी चांगलं येतंय, तरी बदलायचा का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : काही मॉडेलमध्ये हा दिवा फक्त तास किंवा लिटर मोजतो, पाणी तपासत नाही. आरओ मेम्ब्रेनसाठी (क्षार गाळणाऱ्या पडद्यासाठी) टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं मीटर वापरा : आत ६०० आणि बाहेर ६०च्या आसपास असेल, तर मेम्ब्रेन ठीक आहे. टीडीएस कंट्रोलर असेल तर तो न गाळलेलं पाणी मिसळतो आणि आकडा वाढतो; मोजताना तो बंद करा. यूव्ही दिव्याच्या बाबतीत मात्र कंपनीचं ऐका. निळा उजेड दिसत असला तरी जंतू मारण्याची ताकद कमी झालेली असू शकते, आणि ते मीटरवर कळत नाही.