अणुवीज आणि ऊर्जासुरक्षेत मुत्सद्देगिरीचं काम नेमकं काय?

इंधन मिळवणं, आणि ते मिळत राहील हे बघणं. तारापूरच्या अणुवीज केंद्राचंच घ्या. तिथली पहिली दोन युनिट्स १९६९ पासून चालली ती अमेरिकेच्या समृद्ध युरेनियमवर; १९६३चा करार तीस वर्षांचा होता. पण १९७४ला पोखरणची चाचणी झाली, १९७८ला अमेरिकेने अणुनिर्यातीचा कायदा कडक केला आणि पुरवठा अडला. करंगळीच्या पेराएवढ्या त्या इंधनगोळ्या, पण त्यांच्यासाठी आधी फ्रान्सला गाठावं लागलं, पुढे चीनला, मग रशियाला. भट्टी आपल्या पालघरात, तिची नाडी मात्र दुसऱ्यांच्या हातात!

खरा फरक पडला सप्टेंबर २००८मध्ये. तेव्हा युरेनियमच्या टंचाईमुळे आपल्या देशी बनावटीच्या भट्ट्याही कमी क्षमतेने चालत होत्या. आपण अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नसतानाही अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणाऱ्या देशांच्या गटाने, आपल्याला अणुव्यापारासाठी सूट दिली. बदल्यात आपण नागरी भट्ट्या लष्करी कार्यक्रमापासून वेगळ्या काढून आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणल्या. मग रशिया, कझाकस्तान, कॅनडातून युरेनियम येऊ लागलं. माझ्या मते नवी भट्टी उभारण्याइतकंच हे मोठं काम होतं.

अर्थात नुसत्या करारांनी वीज येत नाही. कोकणातल्या जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी फ्रान्सशी बोलणी होऊन इतकी वर्षं झाली. विजेचा दर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आणि स्थानिकांचा विरोध, तिन्ही प्रश्नांनी तो प्रकल्प रखडवला.