घरून काम करताना एका वेळी एकच काम कसं धरून ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करता, नऊ-नऊ तास लॅपटॉपसमोर असता, तरी संध्याकाळी पाच कामं अर्धवट आणि एकही पूर्ण नाही. चॅट, घरचे, लाईट, सगळं मध्ये येतं. लक्ष एका कामावर कसं ठेवायचं?

आधी तीन दिवस काहीही सुधारू नका. लॅपटॉपशेजारी एक कागद ठेवा. हातातलं काम सुटलं की त्यावर एकच अक्षर लिहा. घरच्यांनी हाक मारली तर घ, चॅट किंवा मेल आला तर च, लाईट-नेट गेलं तर ल आणि कुणीही न बोलावता तुम्हीच दुसरीकडे गेलात तर म. माझा अंदाज, तिसऱ्या दिवशी 'म'ची रांग सगळ्यांत लांब निघेल. बाहेरचा व्यत्यय मिनिटाचा असतो, पण त्यानंतर मूळ कामावर परत न येता आपणच भलतीकडे भटकतो. म्हणून व्यत्यय शून्यावर आणण्यात शक्ती घालवू नका, भरल्या घरात ते जमतही नाही. परत येण्याची वाट सोपी करा.

यावर अभ्यास झालेला आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला, की डोक्याचा काही भाग पहिल्याच कामात गुंतून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. २०१८च्या दुसऱ्या अभ्यासात त्यांना असं दिसलं, की काम सोडण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परतल्यावर काय करणार हे पटकन लिहून ठेवलं तर हे गुंतणं कमी होतं. या उत्तरातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

चिठ्ठी दोन ओळींची. पहिली ओळ: कुठे थांबलो. दुसरी: आल्यावर हात कुठे घालायचा. 'जीएसटीचं बघणे' ही चिठ्ठी निरुपयोगी. 'जुलैची २८ बिलं जुळली, २९व्यात ४५० रुपयांचा फरक. आल्यावर क्रेडिट नोट उघडणे' ही कामाची. अर्ध्या मिनिटात होते. दाराशी कुणी हाक मारली तर 'आलो' म्हणून आधी ही ओळ लिहा, मग उठा. चिठ्ठी कागदावरच हवी. नोट्सच्या ॲपमध्ये लिहायला गेलात की ॲपशेजारचा लाल आकडा दिसलाच.

आता कामाचा तुकडा. निंदणीला बाया पात, म्हणजे आपल्या वाट्याची पिकाची ओळ, धरतात, बांधापर्यंत नेतात आणि मग पाणी पितात. मधूनच दुसऱ्याची पात कुणी धरत नाही. तुमची पातही अशीच हवी, शेवट डोळ्याला दिसेल अशी. 'रिपोर्ट करणे' ही पात नव्हे, ते अख्खं वावर झालं. 'रिपोर्टमधले तीन तक्ते भरणे' ही पात. वेळ ४० ते ५० मिनिटं, मग दहा मिनिटं उठायचं. २५ मिनिटांची पोमोडोरो पद्धत नको असलेलं काम सुरू करायला छान आहे, पण कोड किंवा हिशोबाला मला ती तोकडी वाटते. धागा सापडेपर्यंतच दहा मिनिटं जातात. दिवसाला अशा चार पाती नीट झाल्या तरी भरपूर. आठ ठरवाल तर तिसऱ्या दिवशी सगळंच सोडाल.

पातीच्या वेळी स्क्रीनवर त्या कामाशिवाय काही नको. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि डी ही बटणं एकत्र दाबली की नवा कोरा डेस्कटॉप उघडतो. कामाच्या खिडक्या तिथे उघडा, चॅट आणि मेल जुन्यावर राहू द्या. क्रोममध्ये ऑफिससाठी वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात व्हॉट्सॲप वेब कधीच जोडू नका.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा हे सगळेच सांगतात. ते कुठे फसतं? ओटीपीला. ओटीपी पाहायला फोन आणला की त्याच्यावरचं बाकी सगळंही आलं. म्हणून पात सुरू करण्यापूर्वी व्हीपीएन, मेल, बँक, पोर्टल, जे लागणार आहे त्या सगळ्यात लॉगिन करून घ्या, मग फोन ठेवून या. घरी म्हातारं माणूस असेल तर फोन पूर्ण बंद करवत नाही, ते बरोबरच आहे. अँड्रॉइडच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये तारांकित नंबरांना परवानगी देता येते. तिथेच पुन्हा फोन करणाऱ्यांचीही सोय असते: त्याच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर वाजतो. घरच्यांना एवढंच सांगा, खरंच अडलं तर लागोपाठ दोनदा लावा.

चॅटबद्दल साहेबांशी आधीच बोला, नुसतं म्यूट करून बसू नका. दहा मिनिटांत उत्तर नाही आलं की 'घरी बसून झोपला असेल' असं समजणारे असतात. स्टेटसला सरळ लिहा: '१० ते १०:५० तक्त्यांचं काम, ११ ला उत्तर देतो. साइट बंद पडली तर फोन करा.' महत्त्वाची आहे ती परतण्याची वेळ. ती दिली आणि पाळली की आठवड्याभरात लोक थांबायला शिकतात. मात्र तुमचं कामच ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचं असेल तर तास-तास चॅट बंद ठेवता येणार नाही. तिथे पात म्हणजे एक तक्रार. ती बंद करा किंवा चिठ्ठी लिहून बाजूला ठेवा, मगच पुढची उघडा.

घरच्यांचं गणित वेगळं. 'घरीच तर आहे' हे वाक्य जाणार नाही, त्यावर चिडू नका. 'मी कामात आहे' याचा घरात काही अर्थ लागत नाही, कारण तुम्ही सकाळी नवापासून कामातच असता. त्याऐवजी मोकळं कधी ते सांगा: '१०:५० ला बाहेर येतो, तेव्हा सिलेंडर लावून देतो.' पातींच्या वेळा स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लिहून लावा. कानातल्या हेडफोनवर खूण म्हणून भिस्त ठेवू नका, गाणी ऐकतानाही तोच असतो. टेबल पुढच्या खोलीत तर मुळीच नको. ओट्यावर बसलेला प्रत्येकजण खिडकीतून 'काय करी राह्यना?' विचारणारच, आणि उत्तर न देणं आपल्याकडे बरं दिसत नाही.

राहिलं ऊन आणि लाईट. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४३-४५ अंशांवर जातो. तुमच्याकडेही दुपारी दोनला डोकं चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. कंपनी मान्य करत असेल तर सगळ्यांत अवघड पात सकाळी सात ते दहात उरकून घ्या, दुपारी मेल आणि मीटिंगा. कूलरची टाकी पातीआधी भरा, नाहीतर ऐन मध्यात पंप कोरडा फिरायला लागतो. कूलरला हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते आणि तिथूनच गल्लीचा आवाज येतो. शक्य असेल तर परसाकडची खिडकी उघडा.

लाईट गेली की दोन-तीन मिनिटं नेट नसतं आणि नेमका तेव्हाच हात फोनकडे जातो. घरी इन्व्हर्टर असूनही राउटर बंद होऊन परत सुरू होत असेल तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात काही राउटर बंद पडतात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचा: व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत (बहुधा १२), अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही जोडावा लागतो. फक्त राउटरला जोडला तर वायफायची खूण दिसते पण नेट नसतं, आणि मग कंपनीला फोन करण्यात अर्धा तास जातो. गल्लीतलीच यंत्रणा बंद पडली तर यूपीएसही कामाचा नाही, म्हणून पातीला लागणाऱ्या फाइली आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा. नेट गेलं तरी काम बदलायचं नाही. हॉटस्पॉट द्यायला घरातला जुना हँडसेट आणि वेगळं सिम ठेवा. स्वतःचा फोन वापरलात तर तो परत टेबलावर आला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात, श्रावणात घरात कानबाई ही खान्देशातली देवी बसते. त्या दिवसांत चार पाती ठरवूच नका. दार लावून बसलात तरी लक्ष चुलीकडेच असतं. सरळ अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि सकाळची एकच पात घ्या. मात्र उठताना चिठ्ठी त्या दिवशीही लिहा, कारण सण आटोपून परत बसाल तेव्हा २९वं बिल कुठे अडलं होतं ते तुम्हाला आठवणार नाही.