रथाचा दोर आणि दादासाहेब

चि. ईशान यास,
अनेक आशीर्वाद.

परवा आजोबांनी पंचवटीतून व्हिडिओ कॉलवर काळारामाचा रथोत्सव दाखवला, तेव्हा तू विचारलेस की तो दोर कोणीही ओढू शकते का, आणि तुला ओढू देतील का. आजोबा "ये की, ओढ" म्हणाले आणि ढोलांच्या आवाजात पुढचे काही ऐकूच आले नाही. त्यांचे उत्तर खरे आहे, पण ते आजचे आहे, आणि त्यामागची हकीकत फोनवर सांगण्याजोगी नसल्यामुळे मी ती लिहून पाठवते आहे.

नाशिकचा रथ रामनवमीला निघत नाही. त्यानंतर दोन दिवसांनी, चैत्रातल्या कामदा एकादशीला निघतो. रथ दोन असतात, एक रामाचा आणि एक गरुडाचा. ओढण्याचा मान जुन्या तालमींकडे चालत आला आहे: रामरथ रास्ते आखाड्याकडे, गरुडरथ अहिल्याराम व्यायामशाळेकडे. रामरथापुढे त्या वर्षीचे मानकरी बुवा रामाकडे तोंड करून सबंध वाट उलट्या पावली चालतात, आणि गरुडरथ गोदावरी ओलांडतो तरी रामाचा रथ ओलांडत नाही. असे मान आणि असे नेम आपल्याकडे फार असतात आणि मला ते आवडतातही. मात्र मान कोणाचा हे ठरवताना कोणाला मज्जाव हेही ठरत असे, आणि ते कोणी मोठ्याने सांगत नसे.

१९३० साली नाशिकच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना दोरच काय, देवळाची पायरीही बंद होती. २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५ हजार लोकांची मिरवणूक काळाराम मंदिरावर गेली. दरवाजे बंद होते, म्हणून ती गोदावरीच्या घाटावर वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी देवळाच्या चारही दरवाजांवर बसली. गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले ते त्याच महिन्यात, १२ मार्चला. तुझ्या पुस्तकात दांडी आहे, नाशिक नाही. माझ्या मते दोन्ही एकाच पानावर असायला हवीत.

मग ९ एप्रिलला रथाचा दिवस आला. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड झाली होती. पण सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच दुसऱ्या बाजूच्या लोकांनी रथ पळवून बाजूच्या अरुंद गल्लीत नेला. दगडफेक सुरू झाली. भास्कर कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचे कडे तोडून आत घुसला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. बाबासाहेबांच्या डोक्यावर कार्यकर्त्यांनी छत्र्या धरल्या, तरी त्यांनाही मार लागलाच.

या सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव कृष्णाजी गायकवाड, ज्यांना नाशिक जिल्हा दादासाहेब म्हणतो. १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी, महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले तेव्हा लढ्याचे रोजचे ओझे दादासाहेबांवरच पडले: तुकड्या पाठवायच्या, पैसा जमवायचा, आणि गावोगावी ज्यांचा दाणापाणी बंद केला गेला त्यांना धीर द्यायचा. मोठ्या नेत्याचे नाव राहते आणि चिटणिसाचे विसरले जाते, म्हणून मी मुद्दाम त्यांच्याविषयी लिहिते आहे. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली कितीतरी पत्रे आज छापील स्वरूपात वाचायला मिळतात. मार्च १९३४ च्या पत्रात ते सांगतात की हा सत्याग्रह आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून नव्हता. आपण कोठे उभे आहोत याची त्यांना जाणीव व्हावी, त्यांच्यात बळ यावे, म्हणून होता. पुढल्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली आणि देवळाचा प्रश्न त्यांच्यापुरता संपला.

दादासाहेबांचे राजकारण तिथून पुढे वाढले. १९३७ मध्ये ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्याच पुढच्या पक्षाचे उमेदवार म्हणून ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले, आणि १९६२ पासून १९६८ पर्यंत राज्यसभेत होते. खासदार झाल्यावर माणसे सहसा मोर्च्यांपासून लांब जातात. हे गृहस्थ उलटे होते. १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, आणि १९६४ च्या डिसेंबरात पुन्हा, या वेळी देशभर. लाखांवर लोक तुरुंगात गेले. मागणी साधी होती: सरकारची पडीक जमीन, जिच्यावर कोणी नांगर धरत नाही, ती ज्यांच्याकडे वीतभरही नाही त्यांना कसायला द्या. या सत्याग्रहींत रिपब्लिकन पक्षाची, म्हणजे फेडरेशनच्या जागी आलेल्या पक्षाची, माणसे तर होतीच, पण पोटाला जात नसते हे दादासाहेबांना ठाऊक असल्यामुळे मागणी सगळ्याच भूमिहीनांसाठी होती. देवळाच्या दारापेक्षा बांधावरची ही लढाई मला अधिक अवघड वाटते, कारण दार उघडून देणाऱ्याचे काही जात नाही, जमीन देताना जाते.

त्याच मागणीपत्रात संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, असेही एक कलम होते. ते चित्र १९९० मध्ये लागले. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजीच गेले होते. जमिनीचे काय झाले, हे एका उत्तरात मावणार नाही. पुढच्या कॉलला आजोबांना गायरान म्हणजे काय ते विचार, आणि सातबारा कसा दिसतो तेही दाखवायला सांग.

तुझी,
आई