मॅजिक: द गॅदरिंग ह्या पत्त्यांच्या खेळातले प्रो खेळाडू मॉडर्न, लेगसी ह्या जुन्या फॉरमॅट्सना (कुठल्या काळातले पत्ते चालतात त्यावरून ठरलेले खेळाचे प्रकार) नावं का ठेवतात? मी स्टँडर्ड (फक्त अलीकडचे पत्ते चालतात तो फॉरमॅट) सोडून तिकडे वळू का?

नावं ठेवतात हे अर्धंच खरं आहे. आवडीने खेळायचं म्हटलं तर बरेच प्रो लेगसीवर जीव टाकतात, रीड ड्यूकचंच बघा, 2017 ला लुईव्हिलची लेगसी ग्रां प्री, म्हणजे मोठी खुली स्पर्धा, त्यानेच मारली. कुरकुर सुरू होते ती पोटापाण्याची स्पर्धा, म्हणजे प्रो टूर, असल्या फॉरमॅटवर ठेवली की.

कारण प्रोची खरी ताकद तयारीत असते. नवा सेट, म्हणजे नव्या पत्त्यांचा संच, आला की अख्खी टीम एकत्र बसून दिवसरात्र टेस्टिंग करते आणि स्टँडर्डमध्ये तगडे डेक (खेळायला रचलेले पत्त्यांचे गठ्ठे) मोजकेच असल्यामुळे ती मेहनत वसूल होते. मॉडर्नमध्ये समोर वीस तऱ्हेचे डेक येऊ शकतात आणि साइडबोर्ड (मॅचच्या दोन डावांमध्ये बदलायला ठेवलेले राखीव पत्ते) तोच 15 पत्त्यांचा. ग्रेव्हयार्डवाल्यांसाठी (वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगावर चालणारे डेक) रेस्ट इन पीस हा उतारा ठेवा की आर्टिफॅक्टवाल्यांसाठी (यंत्रं, वस्तूंच्या पत्त्यांचे डेक) स्टोनी सायलेन्स, बरोबर ठेवलं तरी तो पत्ता वेळेवर हातात यायला हवा, नाही आला की डाव गेला. ज्याचं वर्षभराचं गणित त्या एका मॅचवर आहे तो वैतागणारच, मला त्यात काही चूक वाटत नाही.

दुसरं दुखणं बॅनचं, म्हणजे एखादा पत्ता फॉरमॅटमध्ये बंद करण्याचं. 2011 मध्ये फिलाडेल्फियाला मॉडर्नची पहिली प्रो टूर झाली, ती सॅम्युएले एस्त्रातीने स्प्लिंटर ट्विन ह्या पत्त्याच्या डेकवर जिंकली. विरोधकाच्या टर्नच्या शेवटी डिसीव्हर एक्झार्क हा प्राण्याचा पत्ता टाकायचा, आपल्या टर्नला त्याच्यावर ट्विन, आणि मग त्या एक्झार्कच्या कॉप्या संपतच नाहीत. हा ट्विन पत्ता जानेवारी 2016 मध्ये बॅन केला, पुढच्याच महिन्यात अटलांटाची मॉडर्न प्रो टूर होती, त्यामुळे स्पर्धा ताजी दिसावी म्हणून आमचा डेक मारला असा खूप जणांचा राग होता. आणि झालं काय तर अटलांटाला टॉप 8 मध्ये 6 जण एल्ड्राझी (अजस्र राक्षसांचे डेक) घेऊन!! एप्रिलमध्ये एल्ड्राझी स्वस्तात काढून देणारा आय ऑफ युगिन हा पत्ता बॅन, मॉडर्न प्रो टूरमधून बाहेर, ते परत आलं थेट 2018 ला बिल्बाओमध्ये. तिथे लुईस साल्वात्तो जिंकला लँटर्न कंट्रोलवर, म्हणजे दोघांच्याही लायब्ररीचा (उचलायच्या पत्त्यांचा गठ्ठा) वरचा पत्ता उघडा ठेवायचा आणि समोरच्याला कामाचा पत्ता येतोय दिसलं की तो ग्रेव्हयार्डमध्ये ढकलायचा. हा डेक चार दिवसांत शिकून चालवता येत नाही, प्रत्येक मॅचअपमध्ये कुठला पत्ता येऊ द्यायचा आणि कुठला नाही हे डोक्यात बसलेलं लागतं.

आणि हीच गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. प्रोला दर स्पर्धेला डेक बदलावा लागतो, तुम्हाला नाही, तुम्ही एकच डेक धरून वर्षानुवर्षं खेळू शकता आणि अशा माणसाला जुन्या फॉरमॅटमध्ये मोठी नावंसुद्धा हलक्यात घेत नाहीत. लेगसीतलं ब्रेनस्टॉर्मच घ्या, तीन पत्ते उचलायचे, हातातले कुठलेही दोन परत वर ठेवायचे, मग फेचलँड (लायब्ररीतून लँड, म्हणजे बाकीचे पत्ते खेळायची शक्ती देणारा पत्ता, शोधून आणणारा पत्ता) फोडून लायब्ररी पिसायची की नको असलेले दोन गायब. नवखा माणूस ते पहिल्याच टर्नला खेळून टाकतो आणि पुढचे दोन टर्न तेच भंगार पत्ते ओढत बसतो, मुरलेला खेळाडू फेचलँड हाताशी येईपर्यंत दाबून ठेवतो. हे कळायला लागलं की स्टँडर्ड फिकं वाटतं, निदान मला तरी वाटतं.

म्हणून वळाच, पण आधी मॉडर्नकडे. तेही आता पहिल्यासारखं स्थिर नाही, 2019 पासून मॉडर्न होरायझन्सचे सेट आले की अर्धे डेक उलटेपालटे होतात, तेवढं धरून चला. लेगसीचे जुने ड्युअल लँड (दोन रंगांची शक्ती देणारे लँड) 1996 च्या रिझर्व्ह्ड लिस्टमध्ये आहेत, परत छापणारच नाहीत म्हटल्यावर किमती खाली यायची आशा सोडा. लेगसी मित्रांमध्ये प्रॉक्सी (पत्त्यांच्या नकली प्रती) छापून नाहीतर मॅजिक ऑनलाइनवर डेक भाड्याने घेऊन खेळून बघा, आणि लेगसीतला पहिला डेक ब्रेनस्टॉर्मवालाच घ्या.